न लुकलुकणारा पडदा: डोळ्यांना सोसेल असा फोन कसा निवडावा

जुन्या फोनवर मी रात्री तास-दीड तास सहज वाचत असे. नवा फोन घेतला तो पडद्यावर भाळूनच. काळा रंग काजळासारखा, बाकीचे रंग टवटवीत. चौथ्या दिवसापासून भुवयांच्या मागे ठणकायला लागलं. चष्म्याचा नंबर तपासला, तो होता तसाच होता. पडदा पिवळसर करणारा मोड लावून झाला, अक्षरं मोठी करून झाली. गंमत अशी की भर उन्हात तोच फोन काही त्रास देत नसे. रात्री ब्राइटनेस उतरवला की मात्र दहा मिनिटांत डोळे चुरचुरायचे. उजेड कमी केल्यावर त्रास वाढतो हे उलटं गणित काही केल्या जुळेना.

ते जुळेपर्यंत दोन फोन परत करून झाले. त्या खटपटीतून हाती लागलेली पद्धत इथे क्रमाने देतो. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. घाई असेल तर निदान पाचवी आणि सहावी सोडू नका.

आधी थोडं: पडदा मंद होतो म्हणजे काय होतं?

नळातून पाणी कमी सोडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नळ अर्धाच उघडायचा. दुसरा म्हणजे नळ पूर्ण उघडायचा आणि बंद करायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा बंद करायचा. बादली दोन्ही वेळा तितकीच भरेल, पण धार वेगळी असेल.

पडद्याचंही असंच. विजेचा प्रवाहच कमी करून उजेड उतरवला तर त्याला डीसी डिमिंग म्हणतात. दिवे पूर्ण जोरात लावून सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले तर ते पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम. ब्राइटनेस जितका कमी, तितका ‘बंद’चा काळ जास्त. माझ्या रात्रीच्या डोकेदुखीचं उत्तर या एका वाक्यात होतं.

कंपन्या हे मुद्दाम छळायला करत नाहीत. ओलेड पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्याला फारच थोडा प्रवाह दिला की शेजारशेजारचे ठिपके सारखे उजळत नाहीत, राखाडी रंगावर डाग दिसतात, कुठे हिरवट झाक येते. चालू-बंद करण्यात रंग जागेवर राहतात. एलसीडीत मागे वेगळे एलईडी दिवे असतात आणि त्यांचा प्रवाह कमी करणं तुलनेने सोपं असतं. म्हणून एलसीडीवाले बरेच फोन या बाबतीत शांत असतात. बरेच, सगळे नाहीत. काही एलसीडींच्या मागचे दिवेसुद्धा पीडब्ल्यूएमवरच चालतात.

‘पण डोळ्याला दिसतच नाही, तर त्रास कसा?’ हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, अगदी घरच्यांनीही. साधारण सेकंदाला साठ-सत्तर वेळांच्या पुढे लुकलुक आपल्याला सलग उजेड वाटते, हे खरं. पण न जाणवणारी लुकलुक सगळ्यांनाच निरुपद्रवी असते असं नाही. १९८९ मध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर प्रयोग केला. साध्या चोकवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या नळ्या आणि हजारो हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या नळ्या त्यांनी आलटून पालटून वापरल्या. दुसऱ्या प्रकारच्या उजेडात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. शिवाय वाचताना डोळा स्थिर नसतो, शब्दावरून शब्दावर उड्या मारतो. रात्री रस्त्यावर मान झटकन वळवली की काही गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांची ठिपक्याठिपक्यांची माळ दिसते ना, तोच प्रकार. डोळा हलत असताना लुकलुक कितीतरी वरच्या वेगापर्यंत जाणवू शकते.

आणि हेही खरं की बहुतेकांना यातलं काहीच होत नाही. तुमच्या मित्राला तोच फोन छान चालतो म्हणून तुमचं डोकं दुखणं खोटं ठरत नाही.

पायरी १: दोषी लुकलुकच आहे का ते पाहा

फोन बदलण्याआधी स्वस्तातले संशयित वगळा. पडद्याकडे टक लावताना आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. चष्म्याचा नंबर बदललेला असू शकतो. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं अवघड होतं. फोन नाकाला टेकवून वाचायची सवय, अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा, चकाकणारी काच, यातलं काहीही पुरेसं असतं.

लुकलुकीचा त्रास ओळखायच्या खुणा अशा: तो एका ठरावीक फोनवरच होतो, ब्राइटनेस कमी केल्यावर वाढतो, त्याच अंतरावर, त्याच आकाराच्या अक्षरांत कागदावर वाचताना होत नाही, आणि जुन्या फोनवर परत गेलं की ओसरतो. यातल्या तीन खुणा जुळल्या तर पुढे वाचा. अचानक नजर धूसर होणं, डोळ्यात तीव्र कळ, प्रकाशाच्या रेषा चमकणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, फोन नंतर. चमकणाऱ्या प्रकाशाने फिट येण्याचा इतिहास असेल तर तो विषय वेगळा आहे. तिथे संथ, डोळ्याला दिसणारी लखलख धोक्याची असते आणि सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा.

पायरी २: तुम्ही कोणत्या ब्राइटनेसवर जगता ते लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग चुकीचा फोन घेतात. दोन दिवस ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा. सकाळी, कामाच्या ठिकाणी आणि रात्री अंथरुणात ब्राइटनेसची पट्टी साधारण कुठे असते ते टिपून ठेवा. कारण पुष्कळ ओलेड फोन दोन्ही पद्धती वापरतात. वरच्या ब्राइटनेसला जवळजवळ डीसी, आणि एका टप्प्याखाली उतरलं की पीडब्ल्यूएम. दिवसा घराबाहेर वापरणाऱ्याला जो फोन निर्धोक, तोच रात्री वीस टक्क्यांवर वाचणाऱ्याला डोकेदुखी ठरू शकतो.

पायरी ३: हर्ट्झ आणि हर्ट्झ यांतला फरक

जाहिरातीतला ‘१२० हर्ट्झ’ हा रिफ्रेश रेट असतो. चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, एवढंच तो सांगतो. लुकलुकीशी त्याचा थेट संबंध नाही. १२० हर्ट्झचा फोन २४० हर्ट्झवर लुकलुकू शकतो आणि ६० हर्ट्झचा साधा एलसीडी अजिबात लुकलुकत नाही, असं होऊ शकतं. दुकानातल्या माणसाला पीडब्ल्यूएम विचारलं की तो हमखास रिफ्रेश रेट सांगतो. वाद घालू नका, मान डोलवा.

आपल्याला हव्यात दोन गोष्टी. पहिली, लुकलुकीचा वेग. आयफोन टेन २०१७ मध्ये ओलेड पडदा घेऊन आला, तेव्हापासून काही वर्षं ओलेड आयफोन मोजणीत २४० हर्ट्झच्या आसपास भरत. पुढे १३ प्रोपासून हा आकडा ४८० च्या आसपास गेला. अँड्रॉइडमधल्या काही कंपन्यांनी याचीच जाहिरात केली: शाओमी १३ ला १९२० हर्ट्झ, वनप्लस १२ ला २१६०, ऑनर ९० ला ३८४०.

दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत जवळपास कधीच नसते, ती म्हणजे खोली. उजेड प्रत्येक वेळी किती खाली पडतो? पार काळोखापर्यंत, की जरासाच? इंग्रजी चाचण्यांत याला मॉड्युलेशन डेप्थ म्हणतात. हिशोब सोपा आहे. सर्वांत जास्त उजेडातून सर्वांत कमी उजेड वजा करा, त्याला दोघांच्या बेरजेने भागा. उजेड २०० आणि १५० च्या मध्ये हलत असेल तर ५० भागिले ३५०, म्हणजे सुमारे १४ टक्के. उजेड शून्यावर पडत असेल तर १०० टक्के.

वेग आणि खोली एकत्र तोलायला एक चांगली पट्टी आहे, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची १७८९-२०१५ ही शिफारस. ती एलईडी दिव्यांसाठी लिहिली आहे, फोनसाठी नाही, पण आपलं काम भागतं. ९० हर्ट्झच्या वर वेगाला ०.०८ ने गुणा. खोलीचे टक्के त्याहून कमी असतील तर धोका कमी. ०.०३३३ ने गुणून येणाऱ्या आकड्याच्याही खाली असतील तर परिणाम दिसून येऊ नये. म्हणजे २४० हर्ट्झला पहिली मर्यादा १९ टक्के, दुसरी ८ टक्के. ४८० ला ३८ आणि १६. वेग १२५० हर्ट्झच्या वर गेला की पहिली अट आपोआप सुटते, ३००० च्या वर दुसरीही.

आता वरचं उदाहरण घ्या. २४० हर्ट्झ आणि १४ टक्के खोली: पहिल्या कसोटीत पास, दुसरीत नापास. तेच २४० हर्ट्झ आणि १०० टक्के खोली असेल तर दोन्हींत सपशेल नापास. वेग तोच, पण डोळ्यांसाठी हे दोन वेगळे फोन आहेत. म्हणून माझं मत असं झालंय की नुसता हर्ट्झचा आकडा विचारणं म्हणजे लाटा किती येतात ते विचारायचं आणि त्या किती उंच आहेत ते विचारायचंच नाही.

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरंही वाचा. तो वेग पुष्कळदा ठरावीक ब्राइटनेसखालीच लागू असतो. मधल्या पट्ट्यात पडदा काय करतो ते तिथे लिहिलेलं नसतं.

पायरी ४: यादी करा

माझा उतरता क्रम असा.

डीसी डिमिंगचा एलसीडी सर्वांत सुरक्षित. पण चांगले एलसीडी फोन आता दुर्मिळ झालेत, आणि जे आहेत ते बहुधा खालच्या श्रेणीतले, कॅमेरा-प्रोसेसर बेताचे. टीसीएलचे नेक्स्टपेपर फोन मात्र डोळ्यांचाच विचार करून बनवलेले, मॅट पृष्ठभागाचे एलसीडी आहेत. आयफोनमध्ये एलसीडी हवा असेल तर जुन्याकडे वळावं लागतं: आयफोन ११, किंवा २०२२ चा एसई. फेब्रुवारी २०२५ मध्ये एसईची विक्री थांबली आणि तिथे एलसीडीचं पर्व संपलं. जुना घेणार असाल तर त्याला सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळतील ते आधी पाहा.

दुसरा पर्याय म्हणजे जास्त वेगाचा किंवा उथळ लुकलुकीचा ओलेड. बहुतेकांनी इथेच शोधावं.

तिसरा, सेटिंगमध्ये डीसी डिमिंगची सोय असलेला ओलेड. काही अँड्रॉइड फोनांत ‘अँटी-फ्लिकर’ किंवा ‘डीसी डिमिंग’ नावाचं बटण असतं. २०२५ च्या आयफोन १७ मालिकेत ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘डिस्प्ले पल्स स्मूदिंग’ आलंय, ते पीडब्ल्यूएम बंद करतं. बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ते लावल्यावर खरंच काय बदलतं ते सहाव्या पायरीत पाहू.

ई-इंकचा, म्हणजे किंडलसारख्या वाचनयंत्रात असतो तसा कागदी पडदा फक्त वाचनापुरता विचारात घ्या. त्यावर व्हिडिओ पाहणं म्हणजे संयमाची परीक्षा आहे, आणि त्याचा पुढचा दिवाही लुकलुकू शकतो.

पायरी ५: मोजमापं वाचा, मतं नंतर

नोटबुकचेक आणि डीएक्सओमार्क या संकेतस्थळांच्या चाचण्यांत पडद्याचा उजेड यंत्राने मोजलेला असतो, आलेख दिलेला असतो. आलेखात तीन गोष्टी बघा.

रेघ तळाला टेकते का? टेकत असेल तर खोली जवळपास पूर्ण आहे.

आलेख कोणत्या ब्राइटनेसचा आहे? शंभर टक्क्यांचा आलेख सगळेच देखणे काढतात. दुसऱ्या पायरीत तुम्ही टिपलेल्या ब्राइटनेसच्या जवळचा आलेख शोधा.

उंच दातांच्या मधून ठरावीक अंतराने एक छोटी खाच पडते का? डीसी डिमिंगवाल्या ओलेडमध्येही प्रत्येक रिफ्रेशला उजेड किंचित खचतो, म्हणजे ६० किंवा १२० हर्ट्झची बारीक लुकलुक उरतेच. वेग कमी असला तरी खाच उथळ असेल तर बहुतेकांना ती चालते. १२० हर्ट्झला पहिली मर्यादा साडेनऊ टक्क्यांची, हे डोक्यात असू द्या.

खोक्यावरच्या प्रमाणपत्रांचं काय? ‘फ्लिकर फ्री’ आणि ‘लो ब्लू लाइट’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. निळ्या प्रकाशाचं प्रमाणपत्र लुकलुकीबद्दल चकार शब्द काढत नाही. डोळ्याचं किंवा हिरव्या पानाचं चित्र पाहून खूश होऊ नका.

पायरी ६: फोन हातात घेऊन तपासा

दुकानातला नमुना फोन चालेल, मित्राचा त्याहून चांगला. कॅमेऱ्यात प्रो मोड (शटर वगैरे हाताने ठरवायची सोय) असलेला दुसरा एक फोन लागेल.

तपासायच्या फोनवर पूर्ण पांढरं चित्र उघडा. ऑटो ब्राइटनेस बंद. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने १/२००० सेकंदावर आणा, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा आणि पांढरा पडदा चौकटीत पूर्ण भरेल इतकं जवळ जा. ठिपक्यांची नक्षी दिसायला लागली तर फोकस जरा बिघडवा. आता पूर्ण, निम्म्या, पाव आणि अगदी तळाच्या ब्राइटनेसला एकेक फोटो घ्या.

कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. त्यामुळे उजेड हलत असेल तर फोटोत पट्टे उमटतात. मोजके, रुंद, काळेकुट्ट पट्टे म्हणजे कमी वेग आणि जास्त खोली. असा फोन मी तिथेच खाली ठेवतो. पुष्कळ, बारीक, राखाडी पट्टे बरे. पट्टेच नाहीत, तर उत्तम. पण थांबा, इथेच लोक फसतात. मीही फसलो होतो.

शटर उघडं असतानाचा काळ लुकलुकीच्या एका फेऱ्याहून बराच कमी असेल तरच पट्टे स्पष्ट दिसतात. २४० हर्ट्झचा एक फेरा सुमारे ४.२ मिलिसेकंदांचा; १/२००० म्हणजे अर्धा मिलिसेकंद, छान पकडतो. पण २१६० हर्ट्झचा फेराच ०.४६ मिलिसेकंदांचा असतो. १/२००० वर तो सगळा पुसला जातो आणि पडदा शांत असल्याचा भास होतो. म्हणून दुसरी खेप १/८००० वर किंवा कॅमेरा देईल त्या सर्वांत वेगवान शटरवर घ्या. नुसता ऑटो मोडमधला व्हिडिओ काढून ‘पट्टे नाहीत’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

वेगाचा अंदाज हवा असेल तर साधारण २४० हर्ट्झचा म्हणून माहीत असलेला एखादा फोन शेजारी घ्या. त्याच कॅमेऱ्याने, त्याच शटरवर, तशीच चौकट भरून दोघांचे फोटो काढा आणि पट्टे मोजा. दुप्पट पट्टे तर सुमारे दुप्पट वेग.

कॅमेरा नसेल तर पेन्सिल आहेच. खोलीत अंधार करा, पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवा. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. एकसंध धूसर पंखा दिसला तर पडदा शांत आहे किंवा फार वेगाने लुकलुकतोय. या दोघांतला फरक पेन्सिल सांगू शकत नाही. खोलीतला एलईडी दिवा मात्र आधी बंद करा. विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झवर, तो स्वतःच लुकलुकत असेल तर खापर फोनवर फुटेल. (हे तपासताना मला माझ्या टेबलावरचाच दिवा बदलावा लागला.)

अँटी-फ्लिकर किंवा डीसी डिमिंगचं बटण असेल तर आधी बंद ठेवून आणि मग चालू करून हेच चारही फोटो पुन्हा घ्या. पट्टे तसेच राहिले तर ते बटण शोभेचं.

पायरी ७: आठवडाभर वापरा

परत करण्याची मुदत असेल तिथूनच घ्या, आणि ती नक्की किती दिवसांची आहे ते पैसे देण्याआधी विचारा. पहिल्या दिवशी जुन्या फोनमधलं सगळं नव्यात ओतू नका. नाहीतर परत करायचा कंटाळा येतो आणि डोकेदुखीसकट फोन गळ्यात पडतो. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास एकाच प्रकारचं वाचन करा, एक दिवस नव्या फोनवर, एक दिवस जुन्यावर. त्रास किती मिनिटांनी सुरू झाला आणि ब्राइटनेस किती होता, एवढंच लिहा. नव्या पडद्याचे चटक रंग आणि वाढीव तीक्ष्णपणा यांनीही पहिले एक-दोन दिवस डोळे बुजतात, ते निवळतं. पाचव्या-सहाव्या दिवशीही नव्या फोनच्याच रकान्यात दुखणं असेल तर मुदत संपायच्या आधी निर्णय घ्या. ‘होईल सवय’ म्हणत मी एका फोनची मुदत घालवली आहे. सवय झाली नाही.

पायरी ८: फोन बदलता येत नसेल तर

मुख्य युक्ती एकच: पडद्याचा मूळ ब्राइटनेस चढता ठेवायचा आणि अंधार सॉफ्टवेअरने आणायचा. अँड्रॉइड १२ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आहे, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’. दोन्ही सोयी पांढऱ्यालाच राखाडी करतात, चालू-बंदचा काळ बदलत नाहीत. फोटोंवरून समजा असं दिसलं की तुमच्या फोनचे पट्टे निम्म्या ब्राइटनेसखाली गडद होतात. मग पट्टी साठ टक्क्यांवर ठेवा, ऑटो ब्राइटनेस बंद करा आणि एक्स्ट्रा डिम डोळ्यांना सुखावेल इतकं वाढवा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, गडद फोटोंतले बारकावे हरवतील.

डार्क मोडने एकूण उजेड कमी होतो, लुकलुकीचा वेग बदलत नाही. पिवळसर मोडचंही तेच. बरं वाटत असेल तर वापरा, पण उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. खोलीत मागून मंद दिवा लावला तर ब्राइटनेस तळाला न्यायची वेळच येत नाही. मला स्वतःला याचा गुण सर्वांत जास्त आला.

सहाव्या पायरीतले फोटो पुसू नका. सिस्टम अपडेटनंतर पडदा मंद करण्याची पद्धत बदललेली असू शकते, आणि एखाद्या सकाळी कारण नसताना डोळे पुन्हा चुरचुरायला लागले तर तेच शटर, तोच ब्राइटनेस लावून नवे फोटो काढायचे आणि जुन्यांशेजारी ठेवून पट्टे मोजायचे.